आडवी डहाळी

सुनील डोंगरात गाडीवर कधी बसायचा नाही, उभ्यानेच चालवायचा. गुडघे जरासे वाकलेले, कोपरं बाहेर, आणि मान पुढे काढलेली, जणू वाटेचा वास घेतोय. लग्नानंतर त्याला पहिल्यांदा तसं पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. मी म्हटलं, मग सीट कशाला ठेवलीस, काढून टाक. तो म्हणाला, सीट तुझ्यासाठी आहे.

मी बिरवाडीची. वडील कारखान्यात, आम्ही भाड्याच्या एका खोलीत. सुनीलही तिथेच कामाला होता आणि लग्नानंतर आम्हीही तशीच एक खोली घेतली. सेजल झाली आणि तिला खोकला लागला तो जाईना. तेव्हा सुनील म्हणाला, तू वर वाडीवर आईआबांजवळ राहा, तिथली हवा चांगली आहे, मी दर शनिवारी येत जाईन. खोकला खरंच पंधरा दिवसांत गेला.

आमची वाडी पोलादपूरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर. एसटी खाली थांबते, तिथून पाऊण तास चढायचं. पंधरा घरं. निम्म्यांची मुलं मुंबईला. उरलेल्यांची गुरं आणि थोडी थोडी भातशेती. आबांची सहा गुरं होती. ती घेऊन ते रोज डोंगरभर फिरायचे, त्यामुळे कुठला दगड कधी हलला हे त्यांना माहीत असायचं. तळीये गाव दरडीखाली गेलं त्या पावसाळ्यापासून तर त्यांना जमिनीतली साधी भेग दिसली तरी ते थांबायचे, काठीने खालची माती टोकरून बघायचे.

ह्याच गुरांच्या वाटांवर गाड्या चालवायला मुंबई-पुण्याची मुलं यायची. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, रविवार धरून. उंच गाड्या, अंगभर चिलखतासारखे कपडे, टायरांतली हवा मुद्दाम कमी केलेली. पहिल्यांदा आली तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, ह्यांना घरी कोण काय बोलत नाय का. सुनीलला त्या मुलांचं वेड लागलं. त्याने एक जुनी गाडी घेतली, खाचांचे जाड टायर बसवले आणि तो त्यांचा वाटाड्या झाला. आधी पंधरा-वीस मिनिटं एकट्याने पुढे जायचं, वाट बघून यायची, मग सगळ्यांना न्यायचं, ही त्याची पद्धत. आम्ही दोघी मागे नाचणीच्या भाकऱ्या थापायचो.

निघण्याआधी अंगणात तो सगळ्यांना गोल उभं करून दोन गोष्टी सांगायचा. गुरं आली की इंजिन बंद. आणि दुसरी तो जरा ऐटीत सांगायचा.

“आमच्या डोंगरात बोर्ड नाय. जिथं जायचं नाय, तिथं डहाळी आडवी टाकलेली असते. धोका ज्याने बघितला त्याने टाकायची. ती दिसली की ती वाट आपल्यासाठी मेली. पलीकडे काय हाय ते बघायला पण जायचं नाय.”

मुलं हसायची. त्यांच्यातला शुभम, जो सगळ्यांना गोळा करून आणायचा, तो म्हणायचा, सुनीलदादाचा जंगल सिग्नल. मी चुलीपाशी बसून हे निदान वीस वेळा ऐकलं असेल. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी आबा गुरं घेऊन वरच्या सड्याकडे, माथ्यावरच्या उघड्या कातळाकडे, गेले होते. वाडीपासून अर्ध्या तासावर वाट फुटते. एक वरून कारवीतून जाते, लांबची. दुसरी कड्याच्या पोटातून, जवळची आणि उघडी. तिथून खाली सावित्री नदीपर्यंत सगळं दिसतं, म्हणून सुनीलला तीच आवडायची. आबांनी पाहिलं तर त्या खालच्या वाटेचा हातभर तुकडा आतून पोकळ झाला होता. वरून गवत तसंच, खाली माती नाही. त्यांनी जवळच्या कुंभ्याच्या झाडाची एक डहाळी तोडली, फाट्यावर आडवी टाकली आणि गुरं वरून वळवली.

घरी येऊन ते काही बोलले नाहीत. ह्यावर नंतर लोकांनी पुष्कळ डोकं लावलं. पण इथे कोणी बोलत नाही. डहाळी टाकली म्हणजे सांगितलं. शुक्रवारी सकाळी आबा मीनाताईंकडे, सुनीलच्या बहिणीकडे, पोलादपूरला गेले. त्यांच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. येणार होते रविवारी.

शनिवारी मी राबासाठी भारे आणायला गेले.

भात पेरायच्या आधी शेताचा एक कोपरा भाजून घ्यायचा असतो, त्याला राब म्हणतात. त्यासाठी हिवाळाभर डहाळ्या तोडायच्या, वाळलेलं गोळा करायचं, भारे करून रचून ठेवायचं. वाडीतल्या बायका हे चालता चालता करतात. मला जमायचं नाही. माझा भारा डोक्यावर एका बाजूला कलायचा आणि बायका मागून म्हणायच्या, सुप्रियाचा भारा बघा गो, खाली बिरवाडीला निघालाय. त्या दिवशी मी ठरवून गेले होते की आपला भारा सरळ आणायचा. सेजलला आईंजवळ ठेवलं. सड्याच्या अलीकडे कोयतीने तोडलं, बांधलं, डोक्यावर घेतलं आणि उतरायला लागले. फाट्यापाशी आले तर भारा डावीकडे झुकलेला. तिथेच उतरवला. उजव्या बाजूला एक डहाळी घातली की तोल येईल एवढंच डोक्यात होतं.

वाटेत एक पडलेली होती. पानं तांबूस होऊन वळलेली, गुरांच्या पायांनी जराशी सरकून कडेला आलेली. माझ्या मनातल्या डहाळीला हिरवी पानं होती. सुनील सांगायचा तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हिरवी, ताजी, रस्ता अडवून पडलेली डहाळी यायची. ती दोन दिवसांत वाळते, हे त्याने कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

भारा सरळ झाला. आईंनी अंगणातून बघितलं आणि म्हणाल्या, आज खरी सून झालीस. संध्याकाळी सुनील आला तेव्हा मी त्याला तो भारा दाखवला. तो भाऱ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, मॅडम, पुढच्या रविवारी तुम्ही वाटाड्या.

रविवारी सकाळी शुभमची सात जणं अंगणात चहा पीत होती. सुनील पुढे गेला. जाताना त्याने सेजलला गाडीच्या टाकीवर बसवून अंगणात एक चक्कर मारली, ती रडायला लागेपर्यंत. उतरवल्यावर जास्तच रडली. गाडीचा आवाज डोंगराला वळसा घालून गेला, कमी झाला, पुन्हा आला. मग यायचा थांबला. चढावर तसा थांबतोही. आईंनी तव्यावर भाकरी टाकली होती, ती उलटली. दुसरी टाकली. शुभमने घड्याळाकडे बघितलं.

त्याला दरीतून वर आणायला दुपार झाली. शुभमच्या मुलांनी दोर लावले, वाडीतले पुरुष उतरले. मला जवळ जाऊ दिलं नाही. हेल्मेटला साधा ओरखडाही नव्हता, हे मला आठवतं, आणि आठवतं की ते कोणीतरी नीट कुंपणाच्या खुंटीवर अडकवून ठेवलं होतं.

आबा चार वाजता आले. खाली एसटीपाशीच त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. अंगणात येऊन ते खाली बसले आणि म्हणाले, मी डहाळी टाकली व्हती. पुन्हा म्हणाले. वाडीतले रामजीकाका आणि आणखी दोघं फाट्यावर जाऊन बघून आले. डहाळी नव्हती. दिवाळीआधी आबा एक वासरू सड्यावरच विसरून आले होते, ते सगळ्यांना आठवलं असणार. आईंनाही आठवलं.

मी सेजलला घेऊन दारात उभी होते. अंगणाच्या कोपऱ्यात माझा भारा सरळ उभा होता.

मी त्या दिवशी बोलले नाही. दहाव्याला बोलेन म्हटलं, मग तेराव्याला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना भारा सोडला. मला अजून वाटत होतं की ती दुसरीच असेल, वाऱ्याने पडलेली. कुंभ्याची एकच निघाली. बाकी सगळ्यांचे काप एका बाजूला उतरलेले, कारण मी उजव्या हाताने तोडते. तिचा काप उलट्या बाजूला उतरला होता. वाडीत डावखुरा माणूस एकच आहे.

ती मी परत भाऱ्यात घातली आणि भारा बांधला.

त्यानंतरचे दोन महिने आईंनी आबांशी बोलणं टाकलं. भांडल्या नाहीत, शिव्याशाप नाहीत. ताट वाढायच्या, पुढे सरकवायच्या आणि आत जायच्या. आबा जेवायचे तेही चोरासारखे. गुरं त्यांनी रामजीकाकांच्या गुरांबरोबर सोडायला सुरुवात केली. स्वतः ओट्यावर बसून राहायचे. एकदा सेजल त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिलाच विचारत होते, मी टाकली व्हती ना गो? ती म्हणाली, हो. तिला तेव्हा सगळ्यालाच हो म्हणायची सवय होती. आबांनी मान हलवली. नाय, मलाच वाटतंय तसं, म्हणाले.

शुभमचा फोन यायचा. त्याने त्यांच्या नकाशावर त्या जागी लाल खूण केली होती, आता कोणीही आलं तरी फोन आधीच वाजेल म्हणाला. चांगला मुलगा आहे. फोनवर रडला. मी त्यालाही सांगितलं नाही. सुनीलची गाडी घरामागे उभी होती, पुढचं चाक वाकडं. सेजल रोज जाऊन सीटवर हात मारून यायची.

शिमगा झाला, चैत्र निम्मा गेला. राब भाजायचे दिवस आले. आईंनी सांगितलं, उद्या भारे शेतात न्यायचे. तेव्हा मला कळलं की उद्यानंतर ती डहाळी असणार नाही. मग मी कधी बोलले तरी आबांना खरं वाटायला काही हातात राहणार नाही, आणि मला गप्प राहायला काही अडचण राहणार नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटली.

सकाळी आई पाण्याला गेल्या होत्या. मी भारा सोडला, डहाळी काढली आणि ओट्यावर आबांपुढे ठेवली. पानं केव्हाच गळून गेली होती. मी म्हटलं, आबा, ही मी उचलली होती. शनिवारी, फाट्यावरून. भाऱ्याचा तोल साधायला.

त्यांनी ती उचलली. अंगठा कापावरून फिरवला, एकदा, आणि मग पुन्हा उलटा. बराच वेळ त्यांचा अंगठा तिथेच होता. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, फक्त हाताकडे बघत होते.

“मी टाकली व्हती,” ते म्हणाले.

“हो आबा.”

“माझं डोकं ठिकाणावर हाय.”

“हो.”

मग ते रडले. सुनील गेला त्या दिवशी ते रडले नव्हते. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने की कशाने, कळलं नाही. थोड्या वेळाने पंच्याने तोंड पुसून म्हणाले,

“तुझ्या सासूला सांगू नको. ती माझ्याशी बोलत नाय ते मी सोसीन. माझे किती दिवस राहिलेत. तुला ह्या घरात पोर वाढवायची हाय.”

डहाळी काखेत धरून ते उठले, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा गुरं सोडायला गोठ्याकडे गेले. शेतात भारे नेले तेव्हा त्यांनी ती स्वतः मधोमध ठेवली, वर शेण पसरलं, माती टाकली आणि पेटवलं. आई बांधावर उभ्या होत्या. धूर त्यांच्याकडे जायला लागला तसं आबा म्हणाले, इकडे सरक. आई सरकल्या नाहीत. धुरात उभ्या राहिल्या.

मी आबांचं ऐकणार होते. चार दिवस ऐकलंही. पण रोज ताट सरकवल्याचा आवाज यायचा. पितळी ताट ओट्यावर घासल्याचा. पाचव्या दिवशी दुपारी आई सुपात नाचणी पाखडत होत्या, सेजल आत झोपली होती. मी समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तोलाचंही सांगितलं. कापाचं सांगितलं. आबा काय म्हणाले तेही.

सूप थांबलं. आईंनी माझ्याकडे बघितलं नाही, अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे भारा होता. मग सूप पुन्हा हलायला लागलं. सगळी नाचणी पाखडून होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

संध्याकाळी आबा गुरं बांधून हातपाय धुऊन बसले. आईंनी ताट आणलं, खाली ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“भाकर गरम हाय,” त्या म्हणाल्या. “आधी जेव.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी आत गेले.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाहीत. माझं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. सेजलच्या आंघोळीचं पाणी त्याच तापवतात, तिचे केस त्याच विंचरतात. कधी मला काही सांगायचं असलं तर तिला सांगतात, आईला म्हणावं पीठ संपलंय. सेजल पळत येऊन सांगते, अर्धं विसरते.

काल सेजलला कडेवर घेऊन करवंदं बघायला गेले होते. परत येताना वाटेत एक सुकी डहाळी पडलेली होती. वाऱ्यानेच पडलेली असणार, तिथे धोक्याचं काही नाही, रोजची वाट आहे. मी उभी राहिले. सेजल म्हणाली, आई, चल. मी माघारी फिरले आणि कारवीतून लांबच्या वाटेने आले. ऊन उतरून गेलं होतं. आई कुंपणापाशी येऊन डोंगराकडे बघत उभ्या होत्या, भाकरीच्या पिठाचे हात तसेच. आम्ही दिसलो तशा पुढे आल्या, माझ्या कडेवरून सेजलला घेतलं आणि घराकडे वळल्या. माझ्या दंडावर पिठाची बोटं उमटली होती.