खुंटीवरचं जॅकेट

"अरे, अजून बसलास? ऊठ, बूट घाल. खाली व्हॅन कधीची उभी आहे," आत्या म्हणाली आणि दादाच्या हातातला अर्धा कप चहा तिने काढूनच घेतला.

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन उतरायला लागलं होतं. म्हणजे त्याला घराबाहेर काढायची वेळ झाली. सुट्टीवर आल्यापासून हे रोजचंच होतं. काल भावजयीला पडद्याचं कापड घ्यायचं होतं आणि एकटी बाई दिसली की दुकानदार फसवतो म्हणे. परवा आत्याला डोळे तपासायचे होते. घरात सख्खा भाचा, म्हणजे दादाचा धाकटा भाऊ, चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतो, आणि ही दोन बस बदलून परक्या दुकानात गेली. आज मामेभाऊ त्याला आपल्या व्हॅनमधून नवा पूल दाखवणार होता. उभं आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसाला पूल!

दादा मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात फिटर होता. एक खेप संपली की दुसरी लागेपर्यंत काही आठवडे घरी यायचा. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. त्यात आई, आत्या, धाकटा भाऊ आणि भावजय. मामेभाऊ राहायचा पलीकडच्या गल्लीत, पण जेवायला बहुतेक इथेच असायचा. दादाचं लग्न झालं नव्हतं. "बोटीलाच माळ घातली मेल्याने," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सगळे त्याला दादाच म्हणायचे, आत्यासुद्धा.

तसं पाहिलं तर त्याचे लाड चालले होते. दुपारी पत्त्यांचा डाव पडायचा. आत्या उघड उघड लबाडी करायची आणि पकडली गेली की वयाचा दाखला द्यायची. भावजय त्याला मासळीचा मधला तुकडा वाढायची. मामेभाऊ गिऱ्हाइकांच्या नकला करून सगळ्यांना हसवून हसवून बेजार करायचा. सकाळी आई त्याला समोर बसवून घ्यायची. "वाळलास रे. बोटीवर काय वंगण खातोस का?" असं म्हणून त्याच्या डोक्यावर तेल थापायची. पन्नाशीला आलेला हा बाप्या मान खाली घालून मुकाट्याने बसून राहायचा. त्याला फार बरं वाटायचं.

पण इंजिनघरातल्या माणसाला एक खोड लागते. यंत्र कुरकुरलं तर तो झोपेतही कूस बदलत नाही. आवाज जरा जास्तच गुळगुळीत झाला तर मात्र टक्क जागा होतो. हे घर गुळगुळीत चाललं होतं. कोणी भांडत नव्हतं. तो स्वयंपाकघरात शिरला की बोलणं तुटायचं आणि भावजय एकदम "चहा टाकू का दादा?" विचारायची. धाकट्याचा आवाज सकाळी बसलेला असायचा आणि तो नजर देत नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि नेमकं कुठे ते दादाला सापडत नव्हतं.

त्यात ते जॅकेट. घरी असताना घालायचं जुनं तपकिरी जॅकेट तो जाताना दाराजवळच्या खुंटीला टांगून जायचा. या खेपेला आल्या आल्या अंगावर चढवलं तर उजव्या कोपराला ठिगळ. कॉलरला धाकट्याच्या केसांच्या तेलाचा वास. खिशात खोकल्याच्या गोळ्या, त्याही अर्ध्या संपलेल्या. दादाला आयुष्यात खोकला झालेला नव्हता.

"माझं जॅकेट कोण घालतं?" त्याने त्याच दिवशी विचारलं होतं.

"कोण घालणार? झुरळांनी खाल्लं असेल," आत्या म्हणाली होती.

झुरळं तेल लावत नाहीत, हे दादाने तिला सांगितलं नाही. जॅकेट काढून त्याने पुन्हा खुंटीला टांगलं. पण त्या दिवशी मनात जी पाल चुकचुकली, ती काही गप्प बसेना. माणूस जिवंत असताना त्याचे कपडे कधी वाटून घेतात? संध्याकाळी घरात असं काय घडतं, जे त्याने बघायचं नाही? खोली कोणाला दाखवतात की काय? की घर हलवायचं ठरलंय आणि त्यात याला धरलेलंच नाही?

एरवी त्याने हसून सोडून दिलं असतं. पण यंदा त्याच्या पोटात एक गोष्ट होती. पुढची खेप शेवटची करायची आणि कायमचं घरी यायचं, असं त्याने ठरवलं होतं. आल्या दिवशीच सांगणार होता. आता रोज शब्द ओठांवर यायचे आणि मागे फिरायचे. ज्या घरात आपली जागा आहे की नाही याचीच खात्री नाही, तिथे "मी येतोय" कसं म्हणायचं?

तर, व्हॅन निघाली. मामेभाऊ वाटेत दहा विषयांवर बोलला. पूल आला, पूल गेला. त्याच्याही पलीकडे, जिथे नुसती गोदामं आहेत तिथे व्हॅनने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

"अरेरे! आता काय करायचं रे दादा?" मामेभावाने कपाळाला हात लावला. नकला चांगल्या करायचा, पण हे सोंग त्याला अजिबात जमलं नव्हतं. "तूच बघ बाबा. तास दोन तास लागले तरी लागू देत. घाई नाही."

दादाने झाकण उघडलं आणि आत नजर टाकली. एक वायर निघाली होती. झिजून तुटली असती तर टोक काळं पडलं असतं. हलून सैल झाली असती तर तिच्यावरची रबरी टोपी तिथेच लोंबत राहिली असती. इथे टोपी नीट बाजूला काढून ठेवलेली, आणि तिच्या धुळीवर बोटांचे ठसे ताजे होते. इंजिनवाल्याला इंजिनानेच फसवायची अक्कल या कुटुंबाशिवाय कोणाला सुचली नसती. सुरू असताना ओढली असती तर झटका बसला असता, म्हणून गड्याने निघतानाच अर्धी सैल करून ठेवली असणार.

त्याने वायर बसवली, झाकण आपटलं.

"मला घरी सोड."

"इतक्यात? पुलाखाली एक चहाची टपरी—"

"घरी काय चाललंय?"

मामेभाऊ गाडीची किल्ली बोटांत फिरवायला लागला. मग तो नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाला, "मला विचारू नकोस दादा. आणि रागावून वर जाऊ नकोस. एवढं माझं ऐक."

दादा रागावूनच वर गेला.

दार नुसतं लोटलेलं होतं. खुंटी रिकामी होती. स्वयंपाकघराच्या दारात आत्या आणि भावजय उभ्या होत्या. त्याला पाहताच भावजयीने तोंडावर हात ठेवला. आत्याने पुढे होऊन त्याचा दंड धरला, पण त्याने तो सोडवून घेतला. आईच्या खोलीतून आवाज येत होता. घोगरा, इंजिनाच्या गोंगाटात ओरडून ओरडून खरडलेला. तो त्याचा स्वतःचा आवाज होता.

"...मग काय आई, मी खाली उतरलो आणि पंपाच्या अशी कानफटात मारली, की लागला बघ धडधडायला!"

आई खळखळून हसली. "आणि वेळेवर जेवतोस ना रे दादा?"

"जेवतो की. आता तू जेव. हा घास घे."

दादा दारात जाऊन उभा राहिला. पलंगापाशी स्टुलावर धाकटा बसला होता. अंगात तपकिरी जॅकेट, उजवं कोपर पलंगाच्या कठड्यावर टेकलेलं, हातात ताटली. त्याने मान वर केली आणि चमचा हवेतच राहिला.

आईनेही पाहिलं. सकाळी याच डोक्यावर तेल थापणाऱ्या आईने त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि सावरून बसली.

"दादा," ती धाकट्याला म्हणाली, "कोण आलंय बघ."

आईच्या चेहऱ्यावर भीती उमटायला लागली. ती दादाला बघवली नाही.

"मी... ह्याच्या बोटीवरचा," तो म्हणाला.

"असं होय! या ना, बसा." आईचा चेहरा उजळला. "बरे आलात. हा कधी खरं सांगत नाही. तिकडे कसा राहतो हो आमचा दादा? कोणाशी भांडत नाही ना?"

"नाही हो. चांगला आहे."

"मनाचा चांगलाच आहे. जरा संशयी आहे, एवढंच. लहानपणी दुधावरची सायसुद्धा उचलून बघायचा, खाली काय आहे म्हणून." ती हसली. मग त्याला निरखत म्हणाली, "तुमच्या घरी कोण कोण आहे?"

"आई आहे."

"मग इथे काय करताय? जा की तिच्याकडे. वाट बघत असेल."

तो "हो" म्हणाला आणि दारातूनच मागे वळला. स्वयंपाकघरापर्यंत कसा पोहोचला ते त्याला कळलं नाही.

आई झोपल्यावर धाकटा बाहेर आला. त्याने जॅकेट खुंटीला अडकवलं आणि एक गोळी तोंडात टाकली.

"दिवसा ठीक असते," तो म्हणाला. आवाज पार बसला होता. "दिवे लागले की जाते कुठेतरी. दाराकडे तोंड करून बसायची. दादा आल्याशिवाय जेवणार नाही म्हणायची. आम्ही सगळं करून बघितलं. एकदा थंडीत माझा कोट फाटला म्हणून तुझं जॅकेट घालून घरी आलो, तर मला बघून टाळ्या वाजवल्या तिने. 'आला गं माझा दादा' म्हणाली. पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी मी माझ्या कपड्यांत गेलो तर ताटली भिरकावून दिली. मग काय करू? सांग ना."

"मला कळवायचं."

"कळवलं असतं तर तू बोट सोडून धावत आला असतास, आणि इथे येऊन हेच बघितलं असतंस," आत्या म्हणाली. "वाटलं, सकाळची आई तेवढी तुझ्या वाट्याला येऊ द्यावी. कापड काय, चष्मा काय... माझे डोळे ठणठणीत आहेत रे."

दादा धाकट्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "आणि तुझी आठवण काढते का कधी? संध्याकाळी?"

धाकटा गोळी चघळत राहिला. "नाही," तो म्हणाला. "मी रोजचाच ना. रोजच्या माणसाची वाट कोण बघतं?" आणि हसला. भावजय तोंड फिरवून भांडी विसळायला लागली. ती भांडी स्वच्छच होती.

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली जागा लाटली म्हणून तो ज्याच्यावर डोळा ठेवून होता, त्याने स्वतःचीच जागा मोकळी करून त्याला तिथे आणून बसवलं होतं, रोज संध्याकाळी, घसा फाटेपर्यंत.

"पुढच्या खेपेनंतर मी कायमचा येतोय," तो म्हणाला. आता सांगायला काहीच अडचण वाटली नाही.

"ये की. पण संध्याकाळी तू पाहुणाच, हां," धाकटा म्हणाला.

"चालेल. पाहुण्याला मधला तुकडा मिळतो."

आत्या हसता हसता रडली आणि दोघांनाही गाढव म्हणाली.

मग कोणी त्याला बाहेर काढलं नाही. मामेभाऊ रोज येऊन आधी माफी मागायचा, मग जेवायचा. सकाळी आई डोक्यावर तेल थापायची. संध्याकाळी बोटीवरचा पाहुणा खुर्चीत बसायचा आणि धाकट्याच्या गोष्टींना दुजोरा द्यायचा. कुठे चुकलं तर दोघांच्या नजरेची गाठ पडायची. "पंप नव्हे, व्हॉल्व्ह होता तो," पाहुणा हळूच सांगायचा आणि आई म्हणायची, "बघा, याला कधी नीट सांगता येत नाही."

निघायच्या दिवशी संध्याकाळी त्याची बॅग दाराशी ठेवली होती. व्हॅन खाली उभी होती, सगळ्या वायरींसकट. पाहुणा शेवटचा खोलीत आला. जॅकेटातला दादा आईला भरवत होता.

"येतो आई," पाहुणा म्हणाला. "एक विचारायचं राहिलं. ह्याला एक धाकटा भाऊ आहे ना? हा बोटीवर येताजाता त्याच्याबद्दलच बोलतो. म्हणतो, माझ्या मागे घर तोच सांभाळतो. तो आहे म्हणून मी निर्धास्त जातो."

धाकटा ताटलीकडे बघत राहिला.

"धाकटा," आई म्हणाली. तिने तो शब्द पुन्हा एकदा तोंडात घोळवला. कपाळावर आठ्या पडल्या. मग ती दाराकडे वळली. "हो की. काचेच्या कामाला जातो. डोळे दुखतात त्याचे." ती थोडी थांबली, आणि अस्वस्थ होत म्हणाली, "एवढा उशीर झाला, तो अजून कसा आला नाही?"

धाकट्याच्या हातातली ताटली पाहुण्याने अलगद काढून घेतली. धाकटा उठला. दारापर्यंत गेला तेव्हा त्याची बोटं जॅकेटच्या बटणांवर धडपडत होती. बाहेर खुंटीचा आवाज झाला. मग तो शर्टावर आत आला, आणि बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत स्वतःच्या आवाजात बोलला.

"आई, मी आलो."

"किती उशीर रे! हात धू आधी. दादा आत्ता इथेच होता, गेला वाटतं. न सांगता जातो मेला."

"येईल परत," पाहुणा म्हणाला.

त्याचं बोलणं तिने ऐकलं नाही. ती धाकट्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून बघत होती.

दादा बाहेर आला आणि बॅग खांद्याला लावली. खुंटीवरचं जॅकेट अजून उबदार होतं. दुपारी बाजारातून आणलेली खोकल्याच्या गोळ्यांची नवी डबी त्याने त्याच्या खिशात ठेवली, खिशाचं झाकण नीट बसवलं, आणि तो जिना उतरायला लागला.