दिवंगत वडिलांसाठी

नुसतं चांगलं वाजवून बँडचं नाव होत नाही, हे गौरांगला कोलोनला आल्या आल्या कळलं होतं. रेडिओवाल्यांच्या इनबॉक्समध्ये रोज ढिगाने गाणी पडतात, ऐकणार कोण? मेलच्या पहिल्या ओळीनेच काळजाला हात घालावा लागतो. छोट्या बँडसाठी अशा ओळी लिहिणं हाच गौरांगचा धंदा होता.

विहानच्या बँडला मात्र कोणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. विहान बॉबलिंगेन गावच्या पद्माकरकाकांचा एकुलता एक. शिक्षण सोडून गिटार धरली म्हणून काकांनी बोलणं टाकलेलं, आणि पोरगाही तसाच हेकट. आता काका फोन करत, तर हा उचलत नसे. अल्बममधली गाणी सगळी वडिलांवर. मग काय, गौरांगने ओळ लिहिली: ‘दिवंगत वडिलांसाठी मुलाने गायलेली गाणी.’

अहो, ज्या घरी गणपतीला जाऊन अळूवड्या हाणल्या, त्या घरच्या माणसाला याने जिवंतपणी मारलं. लिहिताना बोटं अडखळली, नाही असं नाही. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो म्हणून आई अभद्र बोलू द्यायची नाही, ते आठवलं. पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये कसला आलाय वास्तुपुरुष! विहानला विचारलं, तर तो मान वर न करता म्हणाला, ‘‘एगाल.’’ म्हणजे मला काय त्याचं. मेल गेला.

आणि चक्रं फिरली. पेपरात लेख आला, रेडिओने थेट प्रक्षेपणासाठी बोलावलं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी फोन वाजला.

‘‘गौरांग, मी पद्माकरकाका. पेपरात वाचलं. मी गेलो म्हणे.’’

‘‘काका, मी आत्ता दुरुस्ती पाठवतो.’’

‘‘नको रे. पोराचं नाव होतंय, होऊ दे. मी इथे हॉस्पिटलात आहे. उद्या हृदयाचं ऑपरेशन, आणि डॉक्टरांचा चेहरा काही बरा दिसत नाही. विहानला म्हणावं, आज एकदा बोल माझ्याशी. सांगशील ना?’’

‘‘सांगतो, काका.’’

‘‘आणि ती गाणी खरंच माझ्यावर आहेत का?’’

‘‘सगळी,’’ गौरांग म्हणाला.

पण त्याने सांगितलं नाही. सांगितलं तर हा उठून बॉबलिंगेनची गाडी पकडेल, कार्यक्रम बुडेल, थाप उघडी पडेल. कार्यक्रम झाला की सांगू, रात्र पडली आहे अख्खी, अशी त्याने मनाची समजूत घातली. मन काही समजत नव्हतं.

संध्याकाळी स्टुडिओतला लाल दिवा लागला. गौरांगच्या खिशात फोन थरथरला. विहानच्या आईचा, नीताकाकूंचा मेसेज: ‘विहानचे बाबा ऑपरेशनआधीच गेले. तो फोन उचलत नाहीये. तूच सांग त्याला.’

आत विहान माइकजवळ सरकला. ‘‘तुम्हाला खोटं सांगितलंय,’’ तो जर्मनमध्ये म्हणाला. ‘‘माझे वडील जिवंत आहेत. ते ऐकत असतील.’’ मग कधी नव्हे ते मराठीत, अडखळत, ‘‘बाबा, गाणं झालं की फोन करतो.’’

गाणं झालं. स्टुडिओतल्या श्रोत्यांच्या टाळ्या थांबायच्या आत तो बाहेर आला, फोन कानाला लावूनच. चेहरा फुललेला. गौरांग भिंतीला टेकून उभा होता. पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली.

‘‘उचलत नाहीत,’’ विहान हसून म्हणाला. ‘‘अजून रागावलेत.’’

त्याने पुन्हा नंबर लावला.