तिरकी रेघ

"मशीनचंच डोकं फिरलंय, दुसरं काय," वेल्डर तिच्या खुर्चीमागे उभा राहून पुटपुटला. पुटपुटला म्हणजे तिला नेमकं ऐकू जाईल अशा बेताने. "दोन कठडे वाया गेले. आता हा तिसरा."

"मशीनला डोकं असतं तर तेही तुझ्यासारखं घटकेघटकेला चहा मागत बसलं असतं," ती म्हणाली. स्क्रीनवरची रेषा तिने पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता.

जिन्याचे कठडे बनवणारं हे घरचंच वर्कशॉप. सासरे जागेवर जाऊन मापं घेत, ती त्यांवरून कॉम्प्युटरवर रेषा काढी, आणि नवरा नि वेल्डर पाइप कापून जोडत. कॉम्प्युटर आला तेव्हा नवऱ्याने नाक मुरडलं होतं. "सूनबाईला बसव खुर्चीत, तिची नजर सरळ आहे," असं म्हणणारे सासरेच. शिकवायला कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी तिने वीस अंश टाकले आणि रेषा भलतीकडेच पळाली. मग हळूहळू मशीनचा स्वभाव कळत गेला. त्याचं शून्य उजव्या हाताला, जमिनीसारखं आडवं. तिथून घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजत जायचं. जिना डावीकडे चढत असेल तर एकशे ऐंशीतून वजा करायचं. हट्टी खरं, पण शून्य जागचं हलत नाही, म्हणून तर त्याच्याशी जमवून घेता येतं. माणसांचं तसं नसतं.

सासऱ्यांचं शून्य दोन ठिकाणी असे. जागा मोकळी असली की ते जमिनीपासून कोन मोजत, अडचणीची असली की भिंतीपासून. तरी हे दोन कठडे वाया जाईपर्यंत कधी घोटाळा झाला नव्हता, कारण पाइपवर खडूने आकडा लिहिला की शेजारी ते एक छोटी रेघ ओढत. आडवी म्हणजे जमीन, उभी म्हणजे भिंत. उभी दिसली की ती आकडा नव्वदातून वजा करी आणि मोकळी होई.

आज पाइपवर बेचाळीस लिहिलं होतं, आणि शेजारची रेघ तिरकी होती. ना उभी, ना आडवी.

"मिस्त्रींनी नवीन दिशा शोधून काढली, वहिनी," वेल्डर हसला. हसणारा तो एकटाच होता.

"खडू घसरला असेल," नवरा म्हणाला. मागच्या वेळी त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाइप ओला होता. त्याआधी मशीन बिघडलं होतं.

"अहो, पोटमाळ्याचा जिना आहे. बेचाळीसही असेल, भिंतीपासून मोजलं असेल तर अठ्ठेचाळीसही. वरच्या टोकाला वीतभराहून जास्त फरक पडतो. बाबांना विचारा ना."

"तूच विचार. तुझं ऐकतात ते."

"वडील तुमचे आहेत."

"म्हणून तर." त्याने करवत सुरू केली, कापायला काही नाही हे लक्षात आल्यावर बंद केली. "मी गुपचूप जाऊन मोजून येऊ का?"

"आणि परवा परत गुपचूप? त्यानंतर?"

त्याने कानामागची पेन्सिल काढून दुसऱ्या कानामागे ठेवली.

हा एक प्रश्न विचारला की उद्यापासून बाबांच्या हातात कुणी टेप देणार नाही, हे तिला कळत होतं. न विचारावा, तर चुकीचा कठडा कुणाच्या तरी हाताला लागणार होता.

तेवढ्यात सासरेच चष्मा पुसत आत आले. "झालं का गं? आज एवढा वेळ?"

"होतंय, बाबा." तिने एकाच बिंदूतून दोन्ही रेषा काढल्या, एक बेचाळीसची, एक अठ्ठेचाळीसची. उघड्या कात्रीसारख्या दिसत होत्या. खुर्ची थोडी सरकवून तिने त्यांना जागा करून दिली. "यातली आपली कोणती?"

सासरे वाकले. बोट खालच्या रेषेवर गेलं, तिथून वरच्या रेषेवर, मग दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत घुटमळलं. ते पाइपपाशी गेले. खडूच्या तिरक्या रेघेवरून अंगठा फिरवला. रेघ अर्धी पुसली गेली.

"बाबा, मशीनच हल्ली जरा..." नवरा लांबूनच म्हणाला.

"मिस्त्री, खडूच भिकार होता," वेल्डरने लगेच री ओढली.

"गप बसा रे दोघं." सासऱ्यांनी अंगठ्यावरचा खडू सदऱ्याला पुसला आणि तिच्याकडे पाहिलं. "मशीन धड आहे आणि खडूही धड आहे. मी कुठून मोजलं, तेच मला आठवत नाही, पोरी. त्या दोन कठड्यांच्या वेळीही आठवत नव्हतं."