डेस्मंड पिलिंगचा तळहात

हॉर्लीथ ब्रिजच्या चॅपलमध्ये नाताळलाही जमत नाही एवढी गर्दी फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी दुपारी जमली होती. बाकं पुराने कुजवली होती, म्हणून सगळे उभेच. नजरा डेस्मंड पिलिंगच्या उजव्या हातावर खिळलेल्या.

पिलिंगने डोळे मिटले, हात कोटाच्या खिशातून काढला आणि भिंतीवर ठेवला. पुराची मातकट रेघ कमरेएवढी होती, हात तिच्याही हातभर वर.

"रडतेय बिचारी," तो म्हणाला. "हिच्या पोटात पाणी आहे. विमा कंपनीच्या माणसाला ते दिसणार नाही. त्याला न बघण्याचाच पगार मिळतो."

मग त्याने ओल मोजायचं यंत्र काढलं आणि त्याच्या दोन सुया तळहाताच्या जागी टेकवल्या. यंत्र किंचाळलं. वीतभर बाजूला टेकवल्या. यंत्र गप्प. लोकांनी सुस्कारा सोडला. दोघीतिघींनी डोळे पुसले. त्याच्या गमबुटांवर पुरानंतर सात आठवड्यांतही चिखलाचा एक थेंब लागला नव्हता, पण चमत्कार बघताना कोणी बुटांकडे बघत नाही.

तो न बघणारा माणूस म्हणजे मी. दाराशी उभा होतो. मी अ‍ॅडजस्टर. पूर आला, आग लागली, की विमा कंपनी मला पाठवते. फी तीच देते, तरी नुकसान मात्र कोणाकडे न झुकता मोजावं, अशी अपेक्षा असते. लोकांचा यावर विश्वास नाही, आणि तो उडवण्यात माझ्या काही सहकाऱ्यांनी मनापासून मेहनत घेतली आहे. असेसर निराळा. त्याला पॉलिसीधारक नेमतो, तो त्याच्या बाजूने भांडतो आणि मिळालेल्या भरपाईतून आपला वाटा घेतो. यात गैर काहीच नाही. चांगला असेसर मला घाम फोडतो आणि पुष्कळदा त्याचंच बरोबर निघतं. पिलिंगही स्वतःला असेसरच म्हणवायचा. फक्त नुकसान मोजायच्या ऐवजी त्याला ते ऐकू यायचं.

तेवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याने गावाला एक मंत्र दिला होता: यंत्रं घरात घेऊ नका. यंत्रं म्हणजे आम्ही पाठवतो ती, हवेतली ओल ओढून भिंती सुकवणारी. भिंत सुकली की पुरावा सुकला, असं त्याचं म्हणणं. घर सोडायचं नाही, खिडक्या बंद ठेवायच्या. नाताळच्या दुसऱ्या दिवशी नदी घरांत शिरली, आणि फेब्रुवारी आला तरी अख्खी गल्ली ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखी होती.

आयरीन हॅलिवेलचं घर त्याच गल्लीत. वय चौऱ्याहत्तर. नवरा वॉल्टर, गालिच्यांच्या गिरणीत छत्तीस वर्षं लोकरीची धूळ खाल्लेला, वरच्या खोलीत उशांना टेकून बसलेला. तो श्वास घ्यायचा तो खाली स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. जानेवारीत मी दोन यंत्रं घेऊन गेलो, शिवाय दोघांसाठी टेकडीवर एक कोरडं भाड्याचं घर बघून ठेवलं होतं. आयरीनबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"डेस्मंड म्हणालाच होता तू येशील. असाच गोड बोलशील म्हणाला."

"बाई, वॉल्टरच्या छातीला ही हवा बरी नाही."

"छाती माझ्या नवऱ्याची, काळजी विमेवाल्याला. जा बाबा."

मी गेलो. दारातून ढकलून आत शिरण्याचा अधिकार मला नाही, आणि तो नाही हेही बरंच आहे. पुढच्या आठवड्यात त्यांचा पियानो रस्त्यावर कचऱ्याच्या ढिगात होता, मी तो बघण्याआधीच. त्याच्यात मृत पाणी शिरलंय असं पिलिंगला जाणवलं होतं.

वॉल्टरकडे दर मंगळवारी डॉमिनो खेळायला बेअरस्टोबाई यायच्या. निम्म्या गावाला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. एका मंगळवारी पिलिंग वर आला, वॉल्टरच्या उशाच्या भिंतीवर हात ठेवला, यंत्र किंचाळलं, आणि वरची खोलीही दाव्यात चढली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबलेलं पाणी माडीवर कसं चढलं, हे बाईंना कळेना. पिलिंग गेल्यावर त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं आणि चाटलं. प्रयोगशाळेत काहीही चाखू नका असं चाळीस वर्षं ओरडलेल्या बाईने हे केलं, हे त्यांनी मला नंतर जरा लाजत सांगितलं.

बोट खारट होतं. आमची नदी डोंगरावरून येते. समुद्र तिच्या दुसऱ्या टोकाला, बराच लांब.

तर त्या शनिवारी बेअरस्टोबाई चॅपलमधल्या चहाच्या टेबलापासून निघाल्या आणि गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. एका हातात माळ्यावरच्या कपाटातला लाकडी ट्रे, दुसऱ्यात पाण्याचा पेला आणि मिठाची डबी. पिलिंगचं यंत्र त्यांनी इतक्या नम्रपणे मागितलं की त्याला नाही म्हणता येईना. सुया ट्रेवर टेकवल्या. गप्प. पेल्यात मीठ ढवळलं, हात बुडवला, तळहात ट्रेवर दाबला, पुन्हा सुया टेकवल्या. यंत्र असं किंचाळलं की मागचं एक तान्हं बाळ रडायला लागलं.

"हा ट्रे कपाटातून आत्ता काढलाय," बाई म्हणाल्या. "याच्या पोटात कुठला पूर?"

मग वर्गात सांगावं तसं त्यांनी सांगितलं. यंत्र पाणी बघत नाही. दोन सुयांमधून वीज किती सहज जाते, तेवढंच त्याला कळतं. ओलीतून सहज जाते, खारट ओलीतून फारच सहज. ओल्या गावात एक ओला तळहात कोणाच्या लक्षात येणार? पिलिंगसाहेबांनी साबणाने हात धुवावेत, पुसावेत आणि कोट काढून पुन्हा भिंत ऐकावी, एवढीच त्यांची विनंती होती.

पिलिंग बोलत सुटला. अशा शक्तीची परीक्षा घेतली की ती रुसते. बाईंना कंपनीने फितवलंय. तो दाराशी उभा आहे बघा, त्याच्याकडे बघा. लोक माझ्याकडे बघू लागले, आणि काहींना ते पटतही होतं. फसवला गेलो हे मान्य करण्यापेक्षा विमेवाल्याला शिव्या घालणं केव्हाही सोपं.

तेव्हा आयरीनबाई पुढे झाल्या.

"हात धू, डेस्मंड," त्या म्हणाल्या. "माझा नवरा तुझ्या हाताच्या भरवशावर झोपलाय. धू."

पिलिंगने हातमोजे चढवले आणि बाजूच्या दाराने निघून गेला. कोट खुंटीच्या खिळ्याला अडकून उसवला. खिशातून ओला स्पंज पडला.

आयरीनबाई माझ्यासमोर येऊन थांबल्या. वरची खोली कोरडी आहे हे आपल्याला माहीत होतं, तरी आपण सही केली, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कागद मंजुरीला गेले नव्हते, तेवढा भाग मागे घेता आला. नाहीतर एका खोट्या खोलीपायी सगळा खरा दावा बुडाला असता.

"यंत्रं कधी येतील?"

"आजच."

वॉल्टरला त्याच संध्याकाळी टेकडीवर हलवलं. नवव्या दिवशी तो रुग्णालयात वारला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं जुनीच होती; त्या सात आठवड्यांनी नेमकं किती नेलं, सांगता येणार नाही. मलाही येत नाही. मोजता येत नाही ते मी अहवालात लिहीत नाही.

यंत्रं तीन आठवडे चालली. त्यांच्या बादल्या रोज सकाळी आयरीनबाई टेकडीवरून येऊन स्वतः रिकाम्या करायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. एकदा भरलेली बादली मोरीपाशी धरून म्हणाल्या, "हे सगळं तो श्वासातून आत घेत होता. आणि दार मी अडवलं होतं."

मी दुसरी बादली उचलायला गेलो, तर त्यांनी तीही माझ्या हातातून घेतली.

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या भिंतीवर कोणी हात ठेवला, तर आधी त्याला हात धुवायला लावा. त्याला पैसे कोण देतं ते विचारा. मलाही विचारा, मी रागावणार नाही. आणि घर सुकवू नका असं सांगणारा कोणीही असो, त्याला आधी तुमच्या आजारी माणसाच्या उशाशी एक रात्र बसवा.

पिलिंग सध्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात भिंती ऐकतो असं कळतं. तिथे तर पुराचं पाणी मुळातच खारट असतं.