रिकाम्या टाकीतला मासा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. परभणीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय, पण मी गळत मात्र अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझी पहिली सात वर्षं दातांच्या एका दवाखान्यात गेली. माझ्यातले सोनेरी मासे पाहून रडणारी पोरं गप्प बसायची. काय रुबाब होता माझा! मग टवका उडाला आणि माझी रवानगी इथे झाली.

इथे रोहिणी मॅडमनी चार टाक्या मांडल्या. पहिलीत एक हेलिकॉप्टर मासा सोडला, दुसरीत तीन आणि तिसरीत सहा. हा परदेशातून आलेला काळपट, काटेरी मासा. जाळी फाडतो आणि आपल्याकडच्या माशांना तळ्यात जागा उरू देत नाही. पण गंमत ऐका! कुठलाही मासा पाण्यात अंगावरची बुळबुळ, कातडीचे कण असं काहीबाही सोडत राहतो, आणि त्यात त्याचा डीएनए असतो. मासा निघून गेला की काही दिवसांत तोही पाण्यात विरून जातो. मॅडम पाणी गाळायच्या, गाळणीवर राहिलेलं तयार करून यंत्रात घालायच्या, आणि पडद्यावर रेघ वर चढायची. मासे जितके जास्त, तितकी ती लवकर चढायची. मासा न बघता मासा ओळखायचा! मी तर हरखूनच गेले.

आणि माझ्यात काय? नुसतं पाणी. माझी रेघ आडवी राहिली, तरच बाकीच्या टाक्यांचं खरं मानायचं, असा नियम होता; रिकामीतही मासा दिसला, तर कुठेतरी चूक झाली म्हणायची. मला अस्सा राग आला होता! दवाखाना गाजवलेली मी, आणि रिकामी बसू?

त्याच सुमारास येलदरीकडच्या एका गावातून सूर्यभान आले. गावच्या तळ्यात ते मासे धरतात. कुणीतरी घरातला असलाच हेलिकॉप्टर मासा नकोसा झाला म्हणून तळ्यात सोडला होता, आणि महिन्यापूर्वी तो त्यांच्या जाळ्यात आला होता.

"येक घावला म्हंजे अजून असतीलच की," ते म्हणाले. "सोमवारी इंजिन लावून तळं उपसायचं ठरलंय गावात. पर मॅडम, उन्हाळा तोंडावर हाय. ढोरांनी काय प्यावं?"

मॅडमनी तळ्याच्या सात ठिकाणांहून पाणी आणलं. बुधवारी आधी आम्हा टाक्यांची तपासणी झाली. पहिल्या तिघींच्या रेघा चढल्या, आणि माझीही चढली!

क्षणभर मी खूश झाले हो. मग मॅडमचा चेहरा पाहिला. "रिकाम्या टाकीत मासा दिसतोय," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "आता तळ्याचं कोणत्या तोंडाने सांगू?"

झाडू घेऊन उभ्या असलेल्या सुमनबाई पुढे आल्या. "मॅडम, म्याच वतलं हिच्यात. त्या तिसरीचं पाणी बदलताना दोन मग उरलं. आमच्याकडं आठ दिसाला नळ येतो. चांगलं पाणी फेकायचं जिवावर आलं माझ्या."

मॅडम एकदम उठल्या. मला वाटलं, आता बाईंचं काही खरं नाही. तर त्या हसतच सुटल्या! "दोन मग, बाई? दोन मग पाणी, मासा एकही नाही, तरी यंत्राने ओळखलं? अहो, मग तळ्यात असला तर सुटतोय कुठे!"

मग मला जंतुनाशकाने घासलं, पाच वेळा धुतलं. घासत होत्या सुमनबाईच. माझ्यावर झाकण बसलं आणि नवं पाणी भरलं. आता मला मासा नको होता. रविवारी सगळं पाणी यंत्रात गेलं, तेव्हा सूर्यभान दाराशी उभे होते आणि मी मनात एकच घोकत होते, आडवी राहा, बाई, आडवी राहा!

पहिल्या तिघींच्या रेघा चढल्या. माझी आडवी राहिली. तळ्याच्या सातही आडव्या!

"म्हंजे आमचं तळं ह्या टाकीवानीच हाय?" सूर्यभाननी विचारलं.

"अगदी हिच्यासारखंच. दर महिन्याला पुन्हा तपासू, पण उपसू नका."

सूर्यभाननी डोळे पुसले आणि माझ्या टवक्यावर हात ठेवला. सोमवारी इंजिन लागलं नाही, ढोरं तळ्यावरच पाणी प्यायली.

मित्रांनो, घरातला मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या, तळ्यात सोडू नका. आणि कुठे एखादी रिकामी टाकी दिसली, तर तिच्यात काही ओतू नका. ती कामात असते.