विहिरीकडचा हिस्सा

पायल मेश्रामला जमिनीचा नाद लागला तेव्हा ती नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होती. साठवलेल्या पगारातून तिनं उमरेड रोडला एक लहानसा प्लॉट घेतला आणि काही काळानं एका शिक्षक जोडप्याला विकला. त्यांनी पायाभरणीला बोलावलं, तेव्हा त्या दोघांपेक्षा हिलाच जास्त आनंद झाला होता. मोकळ्या जागेवर उभं राहिलं की तिला पुढचं दिसायचं. इथं कुणाची तरी खिडकी येईल, इथं कुणाची सायकल उभी राहील. मग तिनं नोकरी सोडली, कॉलेजातल्या अर्णव भिडेशी भागीदारी केली आणि सदरमध्ये एका औषधाच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन दोघं बसू लागले. कागदपत्रं आणि हिशेब अर्णवकडे, माणसांशी बोलणं हिच्याकडे.

एका हिवाळ्यात त्यांच्या हाती आजवरचं सगळ्यात मोठं काम आलं. कळमेश्वरच्या पुढं, काटोलच्या रस्त्याला लागून देवराव काळबांडे यांचा संत्र्याचा बगिचा होता. देवराव सत्तरीला टेकलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला घर घेऊन राहिला होता आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. पैशाची अडचण अशी कसलीच नव्हती, आता शेती होत नाही एवढंच, म्हणून बगिचा विकून मुलाकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं. आसपास कारखान्यात कामाला येणाऱ्यांची घरं उठत होती, आणि रस्त्याकाठची ती जमीन प्लॉट पाडून लेआउट करायला अगदी मनासारखी होती. बोलणी सुरळीत पार पडली. इसाराची आगाऊ रक्कम द्यायची तेवढी बाकी होती. त्याआधी एकदा सगळा बगिचा पायी फिरून बघ, असं देवरावांनीच पायलला सांगितलं.

झाडांवर मृगाचा, पावसाळ्याच्या तोंडावर धरलेला बहार होता. हिरव्या फळांवर नुकता कुठं पिवळेपणा चढत होता. देवराव एकेका झाडाची खोड सांगत पुढं चालले होते, कुठलं गोड, कुठलं नुसतंच पसरतं. विहिरीपाशी आल्यावर ते थांबले आणि काठावरच्या जाडजूड कडुनिंबावर त्यांनी हात ठेवला.

"हा बाईनं लावला. तिच्या लग्नाच्या आंधी."

"कोण बाई, काका?"

"माही मोठी बहीन. रुखमाबाई."

पायल थबकली. पहिल्याच भेटीत तिनं वारस किती म्हणून विचारलं होतं, आणि मी एकटाच, असं देवरावांनी सांगितलं होतं. सातबाऱ्यावरही त्यांचं एकट्याचंच नाव होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. थोड्या वेळानं तेही शेजारी येऊन बसले आणि आपणहून बोलू लागले.

आई दिवसभर शेतात असायची, त्यामुळे त्यांना कडेवर घेऊन वाढवलं ते बाईनंच. ती लग्न होऊन नागपूरला गेली तरी दर भाऊबीजेला ते तिच्याकडे जायचे. वडील वारले तेव्हा गावातल्या चार जाणत्यांनी सल्ला दिला की बहिणीचं नाव लावायची काही गरज नाही, तिचं तिकडं बरं चाललं आहे. देवरावांनी एकट्याचं नाव लावून घेतलं. बाईला काही सांगितलं नाही.

"मग भांडण झालं का?" पायलनं विचारलं.

"भांडन झालं असतं तं बरं होतं," देवराव म्हणाले. "तिच्या घरी गेलो का मले वाटे, आता इचारते, मंग इचारते. ती चहा ठेवे अन मी उठाची घाई करो. तिनं कधीच नाही इचारलं. मीच जानं कमी केलं. मंग बंदच झालं."

बायकोच्या तेराव्याला बाई आली होती, दिवसभर स्वयंपाकघरात राबून संध्याकाळच्या बसनं परत गेली होती. त्यानंतर भेट नाही.

सदरला परतल्यावर पायलनं अर्णवला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. कागदावर ती बहीण नाही आणि इतक्या वर्षांत तिनं चकार शब्द काढलेला नाही, हे त्यानं आधी मांडलं. आपल्याला अगदीच धोका नको असेल, तर देवरावांनी स्वतः जावं आणि तिच्याकडून हक्कसोड लिहून आणावी. भावासाठी ती सही करील, बहिणी करतातच. भाव काय ठरला हे तिला सांगायचं कारण नाही. अर्णव वाईट माणूस नव्हता. सगळीकडे जे चालतं तेच तो बोलत होता, आणि पायललाही ते ठाऊक होतं. आधीच्या एका व्यवहारात तिनं तीन बहिणी पाहिल्या होत्या, नव्या साड्या नेसून निबंधक कार्यालयाच्या बाकावर ओळीनं बसलेल्या. सह्या झाल्या, त्यांनी समोसे खाल्ले आणि त्या निघून गेल्या. त्यांची नावंसुद्धा आज तिला आठवत नव्हती.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं आईजवळ विषय काढला. प्रेमिलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनीही भंडाऱ्याकडच्या बापाच्या शेतावरचा हक्क भावांना सोडून दिला होता. मामांनी जीपनं नेलं, पेढे भरवले, अशी ती गोष्ट घरात हसतहसत सांगितली जायची. पायलनं आज पहिल्यांदाच नीट विचारलं, की आई, तुला तो हिस्सा हवा होता का?

प्रेमिलाबाईंनी भाकरी मोडली, पण घास हातातच राहिला.

"शेत घेऊन मी काय केलं असतं? सही तं मी केलीच असती," त्या म्हणाल्या. "पण पाहिजे का म्हणून कोणी विचारलंच नाही वं मले. कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं."

मग त्यांनी पायलच्या ताटात आणखी भाजी वाढली आणि विषय बदलला. 

सकाळी तिनं देवरावांना फोन केला. मी रुखमाबाईंकडे जाऊन सगळं सांगणार आहे, ठरलेल्या किमतीसकट. तुमची तयारी नसेल तर हा व्यवहार मी सोडून देते, असं ती स्पष्ट बोलली.  

"जाय," देवराव म्हणाले. "मीच पाठवलं म्हनून सांगजो."

रुखमाबाई नागपुरातच दिघोरीला मुलाकडे राहत होत्या. मुलगा-सून कामाला गेले होते आणि त्या बाल्कनीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बारीक चणीची, ताठ बसणारी म्हातारी. देवरावांचं नाव काढताच त्यांचे हात थांबले, त्याला काही झालं का, असं त्यांनी घाबरून विचारलं. तो बरा आहे हे कळल्यावर त्यांनी पायलला बसायला पाट दिला. देवरावांनीच पाठवलं आहे, असं पायल म्हणाली तेव्हा रुखमाबाईंना हसू आलं.

"त्याच्यात एवढी हिंमत कुठची वं?"

पायलनं काही लपवलं नाही. जमीन विकायला निघाली आहे, घेणारी मी आहे, भाव हा ठरला आहे, त्यात अर्धा वाटा तुमचा आहे आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी घेणार नाही. बोलता बोलता तीही शेंगा सोलू लागली होती. रुखमाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. त्याचे गुडघे दुखतात का, स्वयंपाक कोण करतं, उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहतं का. जमिनीबद्दल एक शब्द नाही. दाणे डब्यात भरून झाल्यावर त्या उठल्या.

"मले घेऊन चाल," त्या म्हणाल्या. "मले पाहाचं आहे."

दोन दिवसांनी पायल त्यांना आपल्या गाडीतून घेऊन गेली. मुलगा सोबत येतो म्हणत होता, त्यांनी नको म्हटलं. देवराव धुतलेला सदरा आणि टोपी घालून बगिच्याच्या तोंडाशीच उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. बहीण गाडीतून उतरताच ते पाया पडायला वाकले, पण गुडघे पुरते वाकेनात. रुखमाबाईंनी त्यांना दंडाला धरून सरळ केलं.

"राहू दे गा," त्या म्हणाल्या, आणि तो दंड त्यांनी पुढं बराच वेळ सोडला नाही.

दोघं झाडांमधून चालत गेले. पायल मुद्दाम मागं राहिली. तिला बोलणं ऐकू येत नव्हतं, पण रुखमाबाई मध्येच एखाद्या झाडापाशी थांबून काही विचारत आणि देवराव हातवारे करून सांगत, एवढं दिसत होतं. विहिरीजवळ आल्यावर त्यांनी पायलला हाक मारली. देवरावांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बाई, अर्धं तुयं आहे," ते म्हणाले. "पयलेपासूनच होतं."

आता या म्हणतील, मला काय करायचं आहे या वयात, असं पायलला वाटलं. देवरावांनाही तेच वाटलं असावं. कितीतरी बहिणींनी तेच म्हटलं होतं. रुखमाबाईंनी कडुनिंबाकडे वर पाहिलं, मग भावाकडे.

"हो," त्या म्हणाल्या. "मले पाह्यजे."

 मग रुखमाबाई, जरा अवघडत, पायलकडे वळल्या आणि सांगू लागल्या. बापाच्या घरी लोक म्हणायचे, ही पोर परक्या घरची. नवऱ्याच्या घरी सगळं सासूचं होतं. आता मुलगा-सून जीव लावतात, पण एक कुंडी इकडची तिकडं ठेवायची तरी विचारून ठेवावी लागते. वाटा विकायचा नव्हता त्यांना. इथं येऊन बसायचं होतं, आणि बसण्यासाठी कुणाला विचारायचं नव्हतं.

देवराव टोपी हातात घेऊन रडत होते, पण त्यांचा चेहरा इतका हलका पायलनं आजवर पाहिला नव्हता. ज्या प्रश्नाला भिऊन ते इतकी वर्षं लांब राहिले, तो अखेर येऊन गेला होता.

पुढं रुखमाबाईंनी पायलला व्यवहाराचं विचारलं. तुला कोणती बाजू लागते? पायलनं खरं ते सांगितलं, रस्त्याची. तिलाच भाव आहे. मग ती देवरावला राहू दे, त्यानं विकावी, मला विहिरीकडचं द्या, असं त्या म्हणाल्या. देवराव लगेच म्हणाले की त्यात तुझा तोटा आहे, तो फरक मी भरून देईन. रुखमाबाईंनी क्षणभर विचार केला.

"दे मंग," त्या म्हणाल्या.

अर्णवला हे पटलं नाही. निम्म्या जागेत त्याला हवा तसा लेआउट बसत नव्हता. दोन दिवस त्यानं आकडे फिरवून पाहिले, मग या व्यवहारातून बाहेर पडतो, असं त्यानं सांगितलं. दोघं एकाच खोलीत बसत राहिले, पण काटोल रोडचं काम पायलनं एकटीनं अंगावर घेतलं. पहिले काही आठवडे तिला नीट झोप लागली नाही. आपण भाबडेपणा केला का, हा प्रश्न तिला गाडी चालवताना, अंघोळ करताना, कुठंही गाठायचा. उत्तर रोज वेगळं यायचं. तरी ठरल्या दिवशी तिनं जाऊन इसार दिला.

आता कुणाची जमीन बघायला गेली, की ती भाव विचारायच्या आधी बहिणींची चौकशी करते. काही लोक त्यावरून उठून जातात. त्यांच्यामागं ती जात नाही.

देवरावांनी हैदराबादला जायचं रद्द केलं. विहिरीजवळ त्यांनी दोन खोल्या बांधून घेतल्या, म्हणजे बहिणीच्या जमिनीवर. रुखमाबाई महिन्यातून आठ-दहा दिवस तिथं येऊन राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भावाची ओळख माझा भाडेकरू म्हणून करून देतात. पुढच्या हंगामात, मार्चमध्ये मृगाची फळं उतरली तेव्हा पायल एका तरुण जोडप्याला रस्त्याकडचा कोपऱ्यातला प्लॉट दाखवायला गेली होती. सोबत प्रेमिलाबाईही होत्या, त्या सरळ विहिरीकडे निघून गेल्या. तिकडून भावाबहिणीचा आवाज चढलेला ऐकू येत होता. झाडांना पाणी किती द्यायचं, यावरून जुंपली होती. इथं नेहमीच भांडणं असतात का, असं त्या जोडप्यातल्या मुलीनं जरा काळजीनं विचारलं.

"हल्लीच सुरू झाली," पायल म्हणाली, आणि तिनं त्यांना पूर्वेची बाजू दाखवायला सुरुवात केली.