काकांचं 'बघू'

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. लहानपणी सायकल मागितली तेव्हा बाबा म्हणाले होते, "बघू." ती सायकल मी अजून बघते आहे. सहलीला जाऊ का विचारलं की आई म्हणायची, "बघू," आणि सहल जाऊन परतसुद्धा यायची. तोंडावर नाही म्हणायला ज्यांची जीभ रेटत नाही, अशा भल्या माणसांची या शब्दाने मोठीच सोय केली आहे.

एकटे काका तो शब्द वेगळ्या अर्थाने वापरायचे. ते मला कळेपर्यंत मी चांगली शिकून सवरून मोठी झाले होते.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायचे. शाळेत भूमिती शिकवायचे. चाळिशीत त्यांना मोठं दुखणं झालं आणि बरेच दिवस ते अंथरुणाला खिळून होते. उठले ते हडकुळे होऊन आणि जरा निराळे होऊन. या दुखण्यात त्यांना दिव्य प्रकाश दिसला, असं पुढे त्यांच्या नावाने निघालेल्या मंडळाने पुस्तिकेत छापलं. मी स्वतः त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "प्रकाश कसला? समोरची भिंत दिसत होती. इतकी वर्षं त्याच खोलीत झोपत होतो, पण भिंत कधी पाहिली नव्हती. ती पाहिली. मग वाटलं, आणखी काय काय पाहायचं राहून गेलंय?"

एवढ्यावरून सगळं सुरू झालं. आधी शाळेतल्या सहकाऱ्यांशी बोलणं, मग रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत चार माणसं, मग चपलांनी जिना भरून जाण्याइतकी. त्यात कोपऱ्यावरचे औषधवाले होते, इस्पितळातल्या दोन परिचारिका होत्या, आणि ज्यांना सगळे जज्जसाहेब म्हणत ते निवृत्त न्यायाधीश होते. जज्जसाहेबांनीच पुढे मंडळ काढलं.

काकांना उपनिषदं तोंडपाठ होती, पण दाखला कधी द्यायचे नाहीत. "त्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. तुम्ही पाठ केलंत म्हणून तुम्हाला दिसलं का?" असं उलट विचारायचे. कुणी पाया पडायला वाकलं की स्वतःही वाकून जमिनीवर शोधायला लागायचे. "काय पडलं तुमचं?" समोरचा बिचारा ओशाळून सरळ व्हायचा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मनात भीती आली, हाव आली, राग आला, की आपण लगेच ते हाकलायला धावतो, नाहीतर कुणाला तरी उपाय विचारतो. त्याआधी ते नीट पाहा. नीट पाहिलं की जे बदलायचं ते बदलू लागतं, वेगळा जोर लावावा लागत नाही. आणि हे पाहणं कुणी कुणासाठी करू शकत नाही. "दुसऱ्याचं उत्तर म्हणजे दुसऱ्याचा चष्मा," ते म्हणायचे. "आरशात ऐट वाटते. जिना उतरायला लागलं की कळतं."

म्हणून कुणी काही विचारलं की काका म्हणायचे, "बघू," आणि गप्प व्हायचे. रविवारच्या मंडळींना वाटे, पुढच्या खेपेला सांगतील. आम्हा घरच्यांना वाटे, काकांनी टाळलं.

मी शॉर्टहँड शिकले होते. मी बारीक आणि हातात सदा पेन्सिल, म्हणून काका मलाच 'पेन्सिल' म्हणत. रविवारी कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यांचं बोलणं उतरवून घ्यायचं आणि आठवडाभर टाइपरायटरवर बडवायचं, हे माझं काम. जज्जसाहेब ते कागद छातीशी धरून न्यायचे.

त्या सुमाराला काकांचा चष्मा बदलायला आला. मी त्यांना घेऊन चष्मेवाल्या बाईंकडे गेले. चिंचोळं दुकान, पुढे काउंटर, मागे पडदा आणि पडद्यामागे काच घासायचं चाक. चाकावर पाण्याची बारीक धार पडत असायची आणि ओल्या काचेचा एक थंड वास यायचा. बाईंनी काकांच्या नाकावर ती तपासणीची जड गोल चौकट चढवली, एक काच सरकवली, मग दुसरी.

"ही बरी की ही?"

"बघू," काका म्हणाले, आणि खरोखरच बघत बसले.

"आजोबा, बाहेर माणसं थांबलीत."

"त्यांना घाई आहे, डोळ्यांना नाही."

"बरं. आता? ही की ही?"

"तुमचं काय मत?"

"माझं मत घेऊन काय करता? डोळे तुमचे आहेत."

काका असे खूश झाले की घरी येईपर्यंत तेच वाक्य घोळवत होते. मी मात्र पडद्यामागे रमले होते. बाईंनी मला काच चाकावर धरायला दिली होती. कडा कशी अंगठ्याखाली उतरत जाते ते मी पाहत होते, आणि कुणी काय म्हटलं ते लिहून घ्यायचं नव्हतं. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाल्या, "हात थरथरत नाही तुझा. शिकणार असशील तर पहिल्या तारखेपासून ये. मला माणूस हवंच आहे. नाही आलीस तर मी दुसरी कुणी घेईन."

जेवताना मी विषय काढला. बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"चष्म्याच्या दुकानात? आणि दादाचं लिखाण कोण करणार?"

"दुसरं कुणी करेल."

"दादा, तूच सांग तिला. तू म्हणशील तसं."

काका म्हणाले, "बघू."

"झालं!" आई वाढता वाढता पुटपुटली. "भावजींनीही बघू म्हटलं. पोरी, विसर आता."

मी विसरले नाही. मी फुरंगटले. टाइपरायटरवर कापड घातलं ते काढलंच नाही. काका त्या कापडाकडे पाहायचे, माझ्याकडे पाहायचे आणि बोलायचे काहीच नाहीत, याचा मला आणखी संताप यायचा.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. खोली गच्च भरली होती. जज्जसाहेब उभे राहिले, घसा साफ केला आणि निकाल वाचावा तसं सांगितलं, की मंडळाने एकमताने ठरवलं आहे: पेन्सिल ही मंडळाची कायमची चिटणीस आणि काकांच्या विचारांची वारस. सगळ्यांनी माना डोलावल्या. औषधवाले तर गहिवरले.

बाबांची मान ताठ झाली. मला वाटलं, खोलीची दारं एकेक करून बंद होताहेत.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही बोला ना."

"बघू."

खोलीभर समाधानाची कुजबुज झाली. काय गहन बोलले, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर. माझ्या हातातली पेन्सिल मी स्टुलावर आपटली.

"बघू काय, बघू? परवा पहिली तारीख आहे! दर रविवारी सांगता, कुणाच्या मागे चालू नका. आणि माझं पाऊल उचलायला मला तुमची परवानगी लागते!"

"कुणी सांगितलं, लागते म्हणून?"

"बाबांनी!"

"आता मी काय केलं?" बाबा दाराशी उभे होते. "थोरला भाऊ आहेस तू. तुला विचारायचं नाही तर कुणाला, दूधवाल्याला?"

परिचारिकांपैकी एक फिसकन हसली. काकाही हसले. मग जागेवर नीट सावरून बसले.

"ही गंमतच आहे. मी बघू म्हणतो आणि तुम्ही सगळे उठून जाता. मी आपला एकटाच बघत बसतो. अरे, बघू म्हणजे आपण बघू. आत्ता. ये पेन्सिल, इथे समोर बस. जज्जसाहेब, तुम्हीही बसा, गुडघे दुखतील."

मी बसले. त्यांच्या समोर, स्टुलावर नाही, सगळ्यांसारखी सतरंजीवर.

"त्या दुकानात जावंसं वाटतं, की इथून सुटावंसं वाटतं?"

"जावंसं वाटतं."

"लगेच उत्तर दिलंस. नीट बघ."

मी पाहिलं. सोपं नव्हतं. आधी डोळ्यांपुढे ते चाक आलं, ती पाण्याची धार आली. त्यामागे हा टाइपरायटर होता. त्यामागे काहीतरी होतं ज्याच्याकडे बघायला नको वाटत होतं.

"दोन्ही," मी म्हणाले.

"सुटायचं कशातून? कामाचा कंटाळा आलाय?"

"नाही. काम आवडतं."

"मग?"

"तुमच्यातून सुटायचंय."

जज्जसाहेबांनी डोळे मिटून घेतले. बाबा पुढे सरसावले, पण काकांनी हात वर केला आणि माझ्याकडेच पाहत राहिले, जसे ते त्या काचांमधून पाहत होते.

"सांग."

"तुमची वाक्यं टाइप करते ना, ती माझीच वाटायला लागलीत. परवा आईशी भांडले, ती तुमच्या वाक्यांनी भांडले. आई म्हणाली, भावजी अंगात आलेत का तुझ्या? मला माझं असं काय वाटतं, तेच सापडेना. मैत्रिणीने विचारलं, तू सुखी आहेस का, तर मी तिला सुखाबद्दलचं तुमचं पूर्ण व्याख्यान ऐकवलं. ती उठून गेली."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने आतून पाणी आणलं.

"आणि भीती?" पाणी पिऊन त्यांनी विचारलं.

"तिकडे काच फुटेल, चुकेल. पण ती चूक माझी असेल. इथे माझी चूकसुद्धा होत नाही."

हे बोलले आणि मला एकदम हलकं वाटलं. जायचं की नाही, हा प्रश्नच उरला नव्हता. तो कधी गेला तेही मी पाहिलं नव्हतं.

जज्जसाहेबांनी डोळे उघडले. "म्हणजे आपला निर्णय काय? हो की नाही?"

"माझा कसला निर्णय? तिला दिसलं. आता मी हो म्हटलं तर उगीच मध्ये आल्यासारखं होईल."

"पण मग आपली प्रवचनं लिहून कोण घेणार?"

"नाही लिहिली तर?"

"नाही लिहिली तर ती नाहीशी होतील!"

"होऊ द्या की," काका म्हणाले. "मी बोलतो तेव्हा तुम्ही इथेच असता ना? तेव्हाच ऐका. घरी कागद आहे म्हणून इथे डुलक्या काढता, मला दिसतं ते."

औषधवाल्यांनी मान खाली घातली.

बाबा जरा वेळ दारातच घुटमळले. मग म्हणाले, "दुकान किती वाजता उघडतं?" बाबांनी दिलेली परवानगी ती एवढीच, पण पहिल्या तारखेला ते मला पोचवायला आले आणि दुकानाची पाटी वाचून गेले.

पुढे दुसरं कुणी लिहून घ्यायला मिळालं नाही. काका त्यानंतर पुष्कळ वर्षं बोलले, आणि जाणकार म्हणतात की ती वर्षं सर्वांत चांगली होती. त्यातलं अक्षरही कागदावर नाही. मला त्याची हळहळ वाटत नाही. बाईंनंतर दुकान मी चालवलं. या भागातले निम्मे लोक माझ्या काचांमधून वर्तमानपत्र वाचतात. काकांचा शेवटचा चष्माही मीच केला. तपासताना मी विचारलं, "ही बरी की ही?" आणि आम्ही दोघं खूप वेळ बघत बसलो. बाहेर माणसं थांबली होती. थांबू दिली.

मंडळाचं आता मोठं सभागृह आहे. दारावर संगमरवरात कोरलंय: 'बघू'. त्याखालच्या कार्यालयात तुम्ही काहीही विचारायला गेलात की कारकून फायलीतून मान न उचलता तेच म्हणतो. आत काचेच्या पेटीत काकांचा चष्मा ठेवला आहे. लोक त्यापुढे हात जोडतात. तो काकांचा नाही, माझ्या आईचा आहे. कपाट आवरताना घाईत कुणीतरी उचलला असणार. काकांना लांबचं दिसत नसे, त्यांच्या काचा कडेला जाड होत्या. या मधे फुगीर आहेत, जवळचं वाचायच्या. मी कुणाला सांगितलं नाही. आईला तरी कोण कधी हात जोडत होतं!

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. काकांच्या विचारांवर प्रबंध लिहिते आहे. तिला ती न लिहिलेली वर्षं हवी होती.

"आजी, तुम्ही तर घरातल्याच. काहीतरी आठवत असेलच. शेवटी शेवटी ते नेमकं काय सांगत होते?"

बोलताना ती डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होती, आणि माझ्या मागचं कॅलेंडर वाचायचा प्रयत्न करत होती.

"चष्मा कधी तपासलास?" मी विचारलं.

"कॉलेजात असताना. पण ते जाऊ द्या, मी काय विचारत होते..."

"सांगते. आधी इथे बस."

मी तिच्या नाकावर ती जड चौकट चढवली, समोरच्या अक्षरांवर दिवा लावला. एक काच सरकवली, मग दुसरी.

"ही बरी की ही?"

"तुम्हीच सांगा ना, आजी. तुम्हाला इतका अनुभव."

"डोळे तुझे आहेत."

ती हसली. मग हसायची थांबली. मान किंचित पुढे केली, वहीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"थांबा हं," ती म्हणाली. "बघू."